एक शून्य जास्त, आणि सगळा इतिहास वेठीला
रत्नागिरीत पाऊस कोसळतो आहे, वीज केव्हा जाईल याची शाश्वती नाही, आणि गेली की अर्धवट चढलेला पुश (सर्व्हरकडे पाठवलेला डेटा) पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. अशा अवस्थेत जुन्या प्रकल्पाची गिट रेपॉझिटरी, म्हणजे कोडमधल्या बदलांचा सगळा इतिहास सांभाळणारे भांडार, नव्या सर्व्हरवर चढवायला घेतली, तर ‘झिरो-पॅडेड फाइलमोड’ एवढेच सांगून त्याने ती नाकारली. संताप होणार नाही तर काय होईल?

दोष इतकाच, की पूर्वी कुठल्यातरी अर्धवट साधनाने फोल्डरची नोंद करताना तिचा प्रकार सांगणारा आकडा, म्हणजे मोड, ४०००० ऐवजी पुढे जादा शून्य लावून ०४०००० असा लिहिला. माझ्या संगणकावर गिट एफएससीके ही तपासणीची आज्ञा याबद्दल नुसता इशारा देते. सर्व्हरची कडक तपासणी मात्र त्याच इशाऱ्याला चूक ठरवते. बरे, इशारा देताना ना फोल्डरचे नाव, ना कमिटचा (इतिहासात नोंदवलेल्या बदलाचा) पत्ता. ४० अक्षरी हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली ओळखखूण, तेवढी हातावर ठेवायची आणि मोकळे व्हायचे. मग तो हॅश कुठला, हे शोधायला आपण सगळा इतिहास पिंजून काढायचा. एवढे करून नोंद उघडली, तरी दोष दिसतच नाही, कारण नोंदी दाखवणारी एलएस-ट्री ही आज्ञा प्रत्येक मोड सहा आकडी करूनच छापते. चांगली नोंदही ०४०००० आणि बिघडलेलीही ०४००००! खरे काय ते पाहायला कच्चे बाइट उघडावे लागतात. तपासायला दिलेल्या साधनानेच दोष झाकावा, याला काय म्हणावे?

गिट २००५ पासून वापरात आहे, आणि तरीही डेटा आत घेताना तो तपासणारी ट्रान्सफर.एफएससीकेऑब्जेक्ट्स ही सेटिंग मुळात बंदच असते. आमच्याकडे आंब्याची पेटी भरणारा माणूससुद्धा डागी फळ आत जाऊ देत नाही. इथे मात्र बिघडलेली नोंद वर्षानुवर्षे निवांत आत बसते, तिच्यावर कमिटमागून कमिट रचले जातात, आणि निस्तरायचे कोणी, तर ज्याने ती लिहिलीच नाही त्याने.

आणि निस्तरायचे म्हणजे काय? ती नोंद बदलली की तिचा हॅश बदलतो, मग वरच्या फोल्डरचा, कमिटचा आणि पुढच्या एकूण एक कमिटचा, कारण प्रत्येकाच्या आत आधीच्याचा हॅश लिहिलेला असतो. सह्या केलेले टॅग (कमिटवर लावलेल्या नावांच्या खुणा) निकालात निघतात, सहकाऱ्यांच्या प्रती जुळेनाशा होतात, जुन्या तक्रारींत नोंदवलेले कमिटचे संदर्भ तुटतात. तेवढा हॅश तपासणीतून वगळण्याची सोय सर्व्हरवर आहे, पण सर्व्हर दुसऱ्यांचा, आणि त्यांचे उत्तर एकच: “तुमच्याकडून दुरुस्त करून पाठवा.” एका ओळीच्या सेटिंगने सुटणारी गोष्ट आहे ही, आणि तेवढी ओळ लिहायला त्यांची तयारी नाही!