लाल सरकवा ना मामा!

भाच्याचा वाढदिवस म्हणजे चौकात बॅनर आलंच, आणि यंदा त्याला फोटोवर तो लाल-निळा इफेक्ट पाहिजे होता, माणूस जागच्या जागी थरथरतोय असा दिसतो ना, तो. "मामा, तुमच्याकडे फोटोशॉप आहे, पाच मिनिटाचं काम." पाच मिनिटं नेहमी दुसऱ्याचीच असतात.

तसं काम सोपंच. स्क्रीनवरचा फोटो म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल, तीन रंगांची चित्रं नेमकी एकावर एक बसवलेली. लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी करायची, तिच्यावर डबल क्लिक करून ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये फक्त आरची, म्हणजे लालची, टिक ठेवायची अन् बाणाच्या बटणाने लेयर उजवीकडे ढकलायचा, शिफ्ट दाबलं की एकदम १० पिक्सेल. पण उघडून पाहतो तर तिथे आरच नाही, सी एम वाय के! फ्लेक्सवाल्याने फाइल छपाईच्या मोडमध्ये पाठवलेली. बाहेर ४४ डिग्री, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, अन् मी आर शोधतोय. शेवटी मोड बदलून आरजीबी केला तेव्हा कुठे ती टिक भेटली.

१८६१ साली मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञाने तीन रंगांच्या फिल्टरमधून काढलेले तीन फोटो पडद्यावर एकावर एक पाडून रंगीत चित्र दाखवलं होतं. लग्नपत्रिकेत रंग केसभर सरकला तर आपल्याकडे प्रेसवाल्याचे पैसे कापतात. आणि आमचे चिरंजीव म्हणतात, "मामा, अजून सरकवा ना!"

सरकवला. पांढऱ्या शर्टाच्या उजवीकडे लाल कड, डावीकडे आकाशी, एक नंबर. पण हा इफेक्ट दिसतो फक्त कडांवर, आणि पठ्ठ्या उभा होता रावेरच्या केळीच्या बागेत, तिथे कडांना काय तोटा? पानन् पान लाल झालं. मागून आबा आले, चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहत राहिले.

"बागवर करपा पडना का रे भो?"

मी चॅनल समजावून सांगितले, आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फवारणीचं औषध सुचवलं.

मग मास्क लावून, म्हणजे सरकवलेल्या लेयरचा तेवढा भाग झाकून, बाग जुन्या रंगावर आणली, फक्त भाच्याला थरथरता ठेवला अन् फाइल पाठवून दिली. संध्याकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन, "भाऊ, फोटो हललेला होता, मी जुनाच टाकला. वर दोन वाघ फ्री मारले."

भाच्याला वाघ लई आवडले.