थंडीत फ्रीज कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

हिवाळ्यात फ्रीज कसा लावावा यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे वेगळं लिहिते आहे. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. नाशिकच्या थंडीत फ्रीजची गरजच नाही, तुम्ही दोघं डिसेंबर-जानेवारीत तो बंदच ठेवता. अन्न वाया जातं ते फ्रीजमुळे, कारण माणूस त्यात कोंबतो आणि विसरतो. तुमच्या आईच्या घरी फ्रीज नव्हता आणि काही टाकलंही जात नव्हतं. आणि अन्नाची नासाडी हे श्रीमंत देशांचं दुखणं आहे, ते आपल्या गळ्यात कशाला?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो मला सगळ्यात जास्त खटकला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. जगाची सरासरी ७९. म्हणजे आपण बरे आहोत, हे खरं. यात सालं, देठं, कोयीही धरलेल्या आहेत, हेही सांगितलं पाहिजे. पण त्याच अहवालात असंही आहे की श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरगुती नासाडीतला फरक माणशी सातेक किलोचाच आहे. चौघांच्या घरातून वर्षाला सव्वादोनशे किलोच्या आसपास जात असेल, तर दुखणं आपलंही आहे. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी कुठल्या परिस्थितीत पिकवतो हे माहीत असताना तर जास्तच.

आता तुमच्या आईच्या घराबद्दल. तिथे काही टाकलं जात नव्हतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते घर कसं चालत होतं तेही बघू या. पंगतीला दहा-बारा माणसं, दारात गाय, वाळूत पुरलेलं आलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली भाजी, दुभत्याचं जाळीचं कपाट आणि दिवसभर घरात कुणीतरी असायचंच. मुळ्याचा पाला उरला तर गोठ्यात जायचा, शिळी भाकरी सकाळी कुस्करून कुणीतरी खायचं. आज तिघांचं घर आहे, दोघं नोकरीला, भाजी आठवड्यातून एकदा येते आणि देठं खायला गाय नाही. आईची नजर आणि शिस्त आपण जरूर घ्यावी, पण ती आजच्या ओट्यावर बसवून घ्यावी लागते. आणि आजच्या ओट्याजवळ फ्रीज आहे.

थंडीत फ्रीज लागत नाही, हे मात्र मला मान्य नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर गेला की बातमी येते, पण तो पहाटेचा आणि उघड्यावरचा पारा असतो. नाशिकला त्याच दिवशी दुपारी २७-२८ अंश असतात, आणि खिडक्या लावलेल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर रात्रीही वीसच्या आसपास राहतं. शिजवलेल्या अन्नात जंतू वाढतात ते ५ ते ६० अंशांच्या दरम्यान. म्हणजे आपल्याला हुडहुडी भरते तेव्हाही ओट्यावरची आमटी त्यांच्या सोयीच्याच तापमानात असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका म्हणते, आणि त्यात हिवाळ्याला सूट नाही. भाताचं तर विशेष सांभाळावं. त्यात बॅसिलस सेरेयस नावाचे जंतू असतात, त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि ते सकाळच्या फोडणीने जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून निववावा, मग फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

खरं तर हिवाळ्यात फ्रीजकडे जास्त लक्ष लागतं, असं माझं मत आहे. एक तर भाजी स्वस्त होते. मेथी, पालक, मटार, गाजर, पातीचा कांदा, पावटा, ओला हरभरा सगळं एकदम बाजारात येतं, आणि स्वस्त म्हणून आपण हात आखडता घेत नाही. दुसरं म्हणजे फ्रीजच थंडीत वेगळा वागतो. सिंगल डोअरच्या फ्रीजमध्ये गारव्याच्या बटणावर उन्हाळ्याचाच आकडा ठेवला तर बाहेरून आत येणारी उष्णता कमी असल्यामुळे आतली थंडी वाढते. मागच्या भिंतीला टेकलेली कोथिंबीर गोठते आणि बाहेर काढल्यावर लिबलिबीत होऊन काळी पडते. आपण समजतो भाजीच खराब होती. मग काहीजण बटण अगदी खालच्या आकड्यावर नेतात आणि दूध आंबू लागतं. यावर अंदाज चालत नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी वाचावा. चारच्या आसपास असेल तर ठीक, पाचाच्या वर असेल तर बटणावरचा आकडा वाढवावा, शून्याकडे झुकत असेल तर कमी करावा. दूध मात्र दारात ठेवू नये. तिथे सगळ्यात कमी गारवा असतो.

मेथीचं उदाहरण घेते, कारण हिवाळ्यात सगळ्यात जास्त वाया जाते ती हीच. विक्रेते जुडीवर पाणी मारतात, आपण ती तशीच पिशवीसकट खालच्या ट्रेमध्ये सरकवतो. घट्ट बांधलेल्या जुडीच्या मधोमध पानं श्वसन करत राहतात, उष्णता आणि ओल कोंडते, आणि तिसऱ्या दिवशी बाहेरून हिरवी दिसणारी जुडी आतून कुजलेली निघते. घरी आल्यावर आधी सुतळी सोडायची. पिवळी आणि मोडलेली पानं काढायची, माती झटकायची, धुवायची नाही. पंख्याखाली अर्धा तास पसरून वरची ओल उडाली की कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात, आणि डबा भाजीच्या ट्रेमध्ये. फडकं ओलसर लागलं की बदलायचं. अशी मेथी चार-पाच दिवस सहज राहते. वर्तमानपत्रात मात्र गुंडाळू नका; छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसं बजावलं आहे. त्याच ट्रेमध्ये पेरू, चिकू किंवा सफरचंद नको. पिकताना त्यातून इथिलीन वायू सुटतो, त्याने पालेभाजी लवकर पिवळी पडते आणि गाजराला कडवटपणा येतो. गाजराचा आणि मुळ्याचा पालाही आणल्या आणल्या कापून वेगळा करावा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढतो.

मटारचं गणित वेगळं आहे. शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो, म्हणून बाहेर ठेवलेले मटार दोन दिवसांत पिठूळ लागतात. आणले त्याच संध्याकाळी सोलावेत. जास्त असतील तर खळखळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढावेत, नीट कोरडे करून पिशवीत पातळ थर लावून गोठवावेत. उकळत्या पाण्याचा हा चटका टाळला तर दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, फ्रीझरमध्येही काम करत राहतात आणि रंग-वास बिघडतो. सिंगल डोअरच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश भरवशाने टिकत नाहीत, तेव्हा त्यातले मटार महिन्याभरात संपवावेत. वर्षभराचा साठा तिथे करू नये.

आणि आता जिथे माझं-तुमचं जमतं तिथे येते. आपल्याकडच्या फ्रीजमधला बराच माल थंडीत बाहेर ठेवला तर जास्त चांगला राहतो. टोमॅटोची चव फ्रीजमध्ये उतरते. वांग्याला दहा अंशांखालचा गारवा सोसत नाही, सालीवर खड्डे पडतात, आत बिया काळ्या होतात. रताळं आतून कडक होतं आणि शिजता शिजत नाही. बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर तो काळपट होतो. केळी काळी पडतात. कांदे, लसूण, लाल भोपळा यांना तर कधीच फ्रीज नको. हे सगळं हवेशीर टोपल्यांत काढलं की फ्रीज मोकळा होतो, मागचा डबा दिसू लागतो आणि तुम्ही म्हणता ते विसरणं आपोआप कमी होतं. कोंबलेल्या फ्रीजबद्दलची तुमची चीड अगदी रास्त आहे, आणि माझं सगळं लिहिणं त्याच कोंबण्याविरुद्ध आहे.

भोगी जवळ आली आहे म्हणून एक सांगते. भोगीच्या भाजीसाठी आपण पावटा, हरभरा, गाजर, वांगी, मटार, बोरं, सगळं पाव-पाव किलो घेतो, भाजीत प्रत्येकाचं मूठभर पडतं आणि उरलेल्या पुड्या फेब्रुवारीत सापडतात. बाजारात त्या दिवशी सगळं मिसळून वाटे लावलेले असतात, छोट्या घराला एक वाटा पुरतो. तरी उरलंच, तर शेंगा त्याच रात्री सोलून एकाच डब्यात घालाव्यात आणि दोन दिवसांत त्याची उसळ किंवा मसालेभात करून टाकावा.

तुम्ही दोघं रोज सकाळी मंडईत जाता, त्या दिवसापुरतं आणता आणि रात्री काही उरत नाही, असं लिहिलंत. असं ज्यांना जमतं त्यांनी फ्रीज बंद ठेवायला माझी काहीच हरकत नाही, फक्त दूध तापवून त्याच दिवशी संपवा आणि औषधं असतील तर त्यांच्या वेष्टनावरचं तापमान बघा. बंद करताना आतलं सगळं काढून, सोडा घातलेल्या पाण्याने पुसून, पूर्ण कोरडा करा आणि दाराच्या फटीत कापडाची घडी अडकवून ते किंचित उघडं ठेवा, नाहीतर रबराला बुरशी धरते. पुन्हा सुरू कराल तेव्हा काही तास रिकामा चालवा, थर्मामीटर पाचाखाली आला की मगच दूध आत ठेवा.