लंगडत नाही म्हणजे ठणठणीत?

माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा चूक सापडली, माझीच. जुहूच्या किनाऱ्यावरच्या घोड्यांबद्दल ‘एक पाय सैल सोडून उभा म्हणजे दुखणं’ असं मी सरसकट लिहून गेलो होतो. मागचा पाय आळीपाळीने ढिला सोडून डुलकी काढणं ही घोड्याची रोजचीच रीत, हे तुमचं म्हणणं बरोबर. पुढच्या पायांचं तसं नाही. अंगाचं साठेक टक्के वजन त्या दोघांवर असतं. त्यातला एक पुढे टाकून, भार न देता घोडा उभा राहिला, तर मी हात लावून बघणारच.

पण ‘आजोबांची गिरगावात व्हिक्टोरिया (घोडागाडी) होती, घोडा लंगडत नाही म्हणजे ठणठणीत’ हे तुमचं काही पटलं नाही. एकच पाय दुखत असेल तर ठीक. दुखरा पुढचा पाय टेकला की मान वर जाते, चांगला टेकला की खाली येते. दुडकी चालीत हे लगेच दिसतं. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असले, तर बिचारा लंगडणार कुठल्या पायाने?

मी रपेट शिकलो त्या तबेल्यात एक तांबडी घोडी होती. ‘आळशी झालीय’ म्हणून आठवडाभर मी तिला टाच मारत होतो. पावलं आखूड, वळायला नाखूश, उभी राहिली की पुढचे पाय पुढे आणि भार मागे. शेवटी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने माझा हात धरून तिच्या खुरावर ठेवला. सावलीत उभी होती, तरी खूर ऊन पाण्याच्या तांब्यासारखा. मग खुराच्या वर, सांध्यामागे बोट दाबायला लावलं. एरवी तिथली नाडी शोधावी लागते. तेव्हा ती बोटावर ठोके देत होती. खुराच्या आत सूज होती, आणि बाहेरचं कवच काही सैल होत नाही. दोन्ही पुढचे पाय सारखेच ठणकत होते, म्हणून ती लंगडत नव्हती. डॉक्टर येईपर्यंत मला तिच्याकडे बघवेना.

व्हिक्टोरिया ‘तुमच्यासारख्यांमुळे’ बंद झाल्या म्हणता. २०१५चा तो निकाल हायकोर्टाचा, पण तो वाद इथे नको. जुहूच्या वाळूत टापांचा आवाज येत नाही, म्हणून मी घोडा फरशीवर चालवून डोळे मिटून ऐकतो. एक ठोका दबका आला की शंका. आजोबा तर दिवसभर डांबरावर तेच ऐकत असणार. त्यांनी कधी आवाजावरून नालबंदाला बोलावल्याचं आठवतं का?