बॅशआरसीतली ती एक ओळ

सोलापुरातल्या आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो: "लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी सापडत नाही असं आलं की बॅशआरसीत 'एलडी लायब्ररी पाथ' लिहा. ग्राहकाला पॅकेज देतानाही तेच. आरपाथ धोक्याचा, त्याच्या नादी लागू नका. नाहीच जमलं तर सगळ्या लायब्ऱ्या सोबत कोंबा." परवा पुन्हा आला, खाली अंगठ्यांची रांग. (शेअर्ड लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड.)

आधी बॅशआरसी, म्हणजे टर्मिनल उघडलं की वाचली जाणारी सेटिंगची फाइल. क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) किंवा सिस्टमडीने (सेवा सुरू करणारा) सुरू केलेलं काम त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. तुमच्या टर्मिनलवर चाललेला प्रोग्रॅम ग्राहकाकडे रात्री बारा वाजता पडतो तो यामुळे.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. 'एलडी लायब्ररी पाथ' हा लायब्ऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारा व्हेरिएबल. तो तुमच्या प्रोग्रॅमपुरता राहत नाही, त्याने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमकडे जातो. हे मी स्वतः भोगलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला जेकार्डची डिझाइनं बघायचा प्रोग्रॅम दिला होता. सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये हीच ओळ. सगळं झकास, फक्त 'पीडीएफ दाखवा' दाबलं की काहीच व्हायचं नाही. व्ह्यूअर सिस्टमचा, पण त्याच्या हाती पडत होती आमच्या फोल्डरातली जुनी सी प्लस प्लस लायब्ररी. त्याला हवी ती आवृत्ती तिच्यात नव्हतीच, म्हणून तो उघडायच्या आधीच मरायचा. दोन दिवस मालक व्ह्यूअरला शिव्या घालत होते, आणि मीही त्यांच्या सुरात सूर मिसळत होतो.

शिवाय मेसेजमधली ओळ 'नवा पाथ, कोलन, जुना पाथ' अशी आहे. जुना काहीच नसेल तर शेवटी नुसता कोलन उरतो, आणि त्या रिकाम्या जागेचा अर्थ लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ऱ्या शोधून जोडणारा, 'चालू डिरेक्टरी' असा घेतो. डाउनलोड्समध्ये उभं राहून प्रोग्रॅम चालवला तर तिथली कुणाचीही लायब्ररी आत येऊ शकते. धोक्याचं काय म्हणत होतात?

आरपाथ म्हणजे बायनरीतच, तयार प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच, लिहून ठेवलेला लायब्ऱ्यांचा पाथ. त्याबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. बिल्ड मशीनवरच्या घरच्या डिरेक्टरीचा पाथ बायनरीत तसाच राहिला तर तो वाईटच. पण त्यावर 'डॉलर ओरिजिन' हा उपाय आहे: बायनरी जिथे असेल तिथून शेजारच्या लिब फोल्डरात बघ. मग पॅकेज ऑप्टमध्ये ठेवा की होममध्ये, फरक पडत नाही. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहा आणि सिंगल कोट लावा, नाहीतर मेक किंवा शेल, दोघांपैकी कुणीतरी तो गिळतो. बिल्ड होऊन गेलं असेल तर तयार बायनरीतला पाथ बदलणारं पॅचएल्फ आहे.

इथे एक मेख आहे. हल्ली बऱ्याच डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांवर) बायनरी जोडणाऱ्या लिंकरला आरपाथ सांगितला तरी तो त्याचा नवा भाऊ रनपाथ लिहितो. आरपाथ त्या व्हेरिएबलच्या आधी बघितला जातो, रनपाथ नंतर. आणि रनपाथ फक्त थेट लागणाऱ्या लायब्ऱ्यांना लागू होतो. तुमच्या लायब्ररीला दुसरी लायब्ररी लागत असेल तर पहिलीवर तिचा स्वतःचा रनपाथ हवा. इथेच बहुतेक जण वैतागून 'आरपाथ चालत नाही' म्हणतात आणि पुन्हा त्या ओळीकडे वळतात. 'एलडी डीबग'ला 'लिब्स' किंमत देऊन प्रोग्रॅम चालवा. लोडर कुठे कुठे शोधतोय ते तो स्वतःच सांगतो.

लायब्ऱ्या कोंबण्याचं म्हणाल तर जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, कधीच कोंबू नका. लोडरचा पूर्ण पाथ बायनरीतच कोरलेला असतो. लोडर सिस्टमचा आणि जीलिबसी तुमची, ही जोडी जमत नाही.

स्वतःच्या मशीनवर नवी लायब्ररी तपासायला तो व्हेरिएबल उत्तम, त्या एका कमांडपुरता. मीही रोज वापरतो.

टॉवेलवाल्यांच्या स्क्रिप्टमधून ती ओळ काढली, प्रोग्रॅमवर आणि आमच्या तिन्ही लायब्ऱ्यांवर रनपाथ चढवला. पीडीएफ उघडायला लागली. व्ह्यूअरला घातलेल्या शिव्या तेवढ्या मागे घ्यायच्या राहिल्या.