दगडाला हात लावण्याबद्दल

महोदय,

‘एसीत बसून सुरक्षिततेचे धडे देणं सोपं असतं. ज्याने आयुष्यात दगडाला हात लावला नाही, त्याने आम्हाला माल उतरवायला शिकवू नये.’ ग्रॅनाइटच्या लाद्यांचा कंटेनर उतरवण्यावर मी लिहिलेल्या लेखावर तुमच्या प्रतिक्रियेची सुरुवात अशी आहे. पुढे तुम्ही भाडं, वेळ, छोट्या व्यापाऱ्याची ओढाताण असं बरंच मांडलंय. पण मी आधी या वाक्याबद्दल बोलणार आहे.

लेख पटला नसेल तर चुका दाखवा. एक तुम्ही दाखवलीत आणि ती मान्य आहे: व्हॅक्यूम लिफ्टर, म्हणजे हवा खेचून लादीला चिकटून ती उचलणारं यंत्र, कुठेही चालतो असं मी लिहून गेलो होतो. ओल्या, धुळीच्या किंवा खडबडीत दगडावर त्याची पकड भरवशाची नसते. लेखात दुरुस्ती केली आहे. पण समोरचा कोण, त्याने काय केलंय हे न विचारता थेट त्याची लायकी काढायची, ही कुठली रीत?

माझ्या वडिलांनी 19 वर्षं दगडाच्या गोदामात हमाली केली. मी स्वतः 7 वर्षं तेच काम केलं. तुम्ही म्हणता तो हात मी दगडाला लावलाय, आणि हात लावल्याने काय होतं तेही पाहिलंय.

त्या दिवशी ट्रेलर थोडा कलत्या जमिनीवर उभा होता. कोणी लक्ष दिलं नाही, कारण गाडी लवकर मोकळी करायची होती. लाद्या बांधलेला पट्टा कापला, लाकडी टेकू काढला आणि पुढच्या चार लाद्या हळूच आमच्या बाजूला आल्या. खरंच हळू. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने दोन्ही हात पुढे केले. लादी 3 मीटर लांब, 2 मीटर उंच, 20 मिलिमीटर जाड. ग्रॅनाइटचं वजन घनमीटरला सुमारे 2.7 टन, म्हणजे एक लादी सव्वातीनशे किलोच्या आसपास आणि चार मिळून तेराशेच्या घरात. कंटेनरची आतली रुंदी जेमतेम 2.35 मीटर, त्यातली निम्मी मालाने भरलेली. मागे सरकायला भिंतच होती. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

तो अडाणी नव्हता. तुम्ही ज्यांच्या जिवावर ‘चार अनुभवी माणसं अर्ध्या दिवसात कंटेनर रिकामा करतात’ म्हणता, तसाच अनुभवी होता, माझ्याहून जुना. पडणारी वस्तू धरायला हात आपोआप जातो, तो अनुभवाने थांबत नाही. म्हणून माणूस लादी पडेल त्या जागेत उभाच राहता कामा नये. गाडी सपाट जागी लावायची. दार उघडल्यावर माल सरकलाय का ते आधी बाहेरूनच बघायचं. उरलेल्या लाद्यांना पक्का टेकू दिल्याशिवाय एकही पट्टा कापायचा नाही. लादी उचलली की ती फिरवायला हात नको, लांबून दोर. यात सगळं मिळून दीड-दोन तास जास्त जातात. तेच दोन तास तुम्हाला परवडत नाहीत.

बाकी मुद्द्यांबद्दल थोडक्यात. बूट-हेल्मेट कामगारच घालत नाहीत, हे खरं असेल. पण तेराशे किलोखाली हेल्मेट काय करणार? तुमच्याकडे 3 टनांची फोर्कलिफ्ट आहे, चांगलंच आहे. पण पुढे बूम, म्हणजे लादी टांगायचा लांब दांडा, लावला की भार चाकांपासून लांब जातो आणि ती 3 टन उचलत नाही. बूम लावल्यावर किती उचलते, ते त्या जोडणीच्या क्षमतेच्या पाटीवर बघा. कंटेनर उशिरा परत केल्याचं भाडं आणि छोट्या व्यापाऱ्याचं गणित हा ज्याचा त्याचा हिशेब आहे, त्यात मी पडत नाही.

आणि ‘इतकी वर्षं आमच्याकडे काही झालं नाही’ हे कृपा करून मला पुन्हा ऐकवू नका. आमच्या गोदामातही त्या सकाळपर्यंत काही झालं नव्हतं. पुन्हा लिहाल तेव्हा एवढंच सांगा: पट्टा कापताना तुमची माणसं नेमकी कुठे उभी असतात?