अर्धा ‘न’ आणि पाचशेचा बाँड

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता पोरीचे दाखले काढायचेत? मग हे वाचूनच घराबाहेर पडा. मी नुकताच मुलीचं डोमिसाईल, म्हणजे इथली रहिवासी असल्याचा दाखला, काढून आलोय. ‘काढून आलोय’ म्हणणं जरा धाडसाचंच आहे, पण त्याबद्दल नंतर सांगतो. कार्यालय कुठलं ते विचारू नका. ठाण्यातलं आहे, आणि मला तिथे पुन्हा जायचंय.

सर्वप्रथम, जन्म घेताना काळजी घ्या. ते आपल्या हातात नसतं, ही सबब खिडकीवर चालत नाही. माझा जन्म डहाणूचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आमच्या हेडमास्तरांनी सुबक अक्षरात ‘ता. डहाणू, जि. ठाणे’ असं लिहिलंय. त्यांनी लिहिलं तेव्हा ते खरं होतं. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला.

“डहाणू पालघरमध्ये येतं.”

“हो मॅडम, पण मी जन्मलो तेव्हा ठाण्यात यायचं.”

“आता कुठे येतं?”

“पालघरमध्ये.”

“मग दाखल्यावर ठाणे कसं काय?”

यावर काय बोलणार? १९९२ साली दाखला लिहिताना हेडमास्तरांनी बावीस वर्षं पुढचं राजपत्र वाचायला हवं होतं, ही त्यांची चूकच. मी त्यांच्या वतीने माफी मागितली. मॅडमनी कागद आतल्या साहेबांकडे पाठवला. साहेबांनी मान वर न करता “चालेल” म्हटलं. त्या एका शब्दासाठी मी पावणेदोन तास उभा होतो. घोडबंदर रोडवर एवढ्या वेळात माणूस मानपाड्याहून कापूरबावडीला पोचतो, कधीकधी.

दुसरं, आईवडिलांना सांगून नाव साधं ठेवून घ्या. माझं नाव श्रीकांत. आधारवर श्रीकांत, पॅनवर श्रीकांत, रेशनकार्डावरही श्रीकांत. पण हेडमास्तर जुन्या वळणाचे, त्यांनी लिहिलंय ‘श्रीकान्त’. अनुस्वार नाही, चक्क अर्धा ‘न’. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि जुळ्या भावांची चोरी पकडल्यासारखा चेहरा केला. “हे दोन वेगळे माणूस आहेत.” मी म्हटलं, मॅडम, परसवर्ण आहे तो, अनुस्वाराऐवजी लिहितात, उच्चार एकच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की परसवर्ण हा एखाद्या नव्या आरक्षणाचा प्रवर्ग असावा.

गंमत म्हणजे, शुद्धलेखनाची इतकी चाड असलेल्या त्या खिडकीच्या बरोबर डोक्यावर, ठळक लाल अक्षरात, ‘महत्वाची सुचना’ असा फलक आहे. ‘सूचना’तला दीर्घ ऊकार गेला, ‘महत्त्वा’तला एक त गेला, पण त्यासाठी कुणी अॅफिडेव्हिट मागितल्याचं ऐकिवात नाही.

तिसरं, घरबसल्या ऑनलाइन अर्ज करायचा मोह आवरा. कागद स्कॅन केला तर तो ५०० केबीपेक्षा मोठा चालत नाही आणि ७५ केबीपेक्षा लहानही चालत नाही. फोटो मात्र २० केबीच्या आत हवा. एवढ्या केबीत माझ्या मुलीचं नाक बसतं, कपाळ बसत नाही. तीन रात्री हा खेळ खेळून मी अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर गेलो आणि तिथल्या पोराने दहा मिनिटांत अर्ज भरून दिला. टाईप करताना तो दुसऱ्या कानाने फोनवर बोलत होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

झेरॉक्स पाच सेट न्या. सहावा मागतील.

मोबाईलवर डिजिलॉकर उघडून दाखवू नका. त्यातला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य असल्याचा नियम २०१७ पासून आहे, पण मोबाईलला पंच मारता येत नाही आणि तो फायलीत लावता येत नाही.

शनिवारी जाऊ नका, पाच दिवसांचा आठवडा २०२० पासून आहे. सोमवारी जाऊ नका, शनिवार-रविवारची गर्दी असते. शुक्रवारी साहेब गावी जायच्या गडबडीत असतात. उरलेल्या तीन दिवसांत एक दिवस साहेब व्हीसीवर असतात. व्हीसी म्हणजे काय ते कुणाला विचारू नका, प्रश्न विचारणाऱ्याचा कागद तळाला जातो. जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास, असं २०१९ चं परिपत्रक आहे. त्यात कुठला अर्धा तास ते सांगितलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक टेबलाने आपापला निवडलेला आहे आणि ते सगळे एकमेकांना जोडून येतात.

‘शासन आपल्या दारी’ येतं म्हणून घरी थांबू नका. आलं असेल तेव्हा मी माजिवड्याला मेट्रोच्या खांबाखाली अडकलो होतो.

आणि आता मुख्य सल्ला. खिशात पाचशेची नोट ठेवा. चुकीचा अर्थ काढू नका, ती लाच नाही, लाचेने निदान काहीतरी काम होतं. ही नोट बाँड पेपरसाठी. मॅडमनी मला सांगितलं, श्रीकांत आणि श्रीकान्त ही एकच व्यक्ती असल्याचं अॅफिडेव्हिट पाचशेच्या बाँडवर करून आणा. समोरच रस्त्यापलीकडे मिळतो. खरंच मिळतो. छत्री, टेबल, टाईपरायटरच्या जागी आता लॅपटॉप, शेजारी नोटरीचा लाल शिक्का. ‘एकच व्यक्ती’ हा मजकूर तिथे तयारच असतो, नुसतं नाव बदलायचं. दिवसाला अशा किती व्यक्ती एक होतात विचारलं तर तो हसला.

पूर्वी हा कागद शंभरचा होता. ऑक्टोबर २०२४मध्ये सरकारने किमान मुद्रांक शुल्क शंभरवरून पाचशे केलं. ठीक आहे, महागाई आहे. पण जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ केलेलं आहे. वीस वर्षांपूर्वी! २०२५मध्ये महसूलमंत्र्यांनी ते माफ असल्याचं पुन्हा सांगितलं. जे माफच होतं ते पुन्हा माफ करावं लागलं, म्हणजे मधली वीस वर्षं आपण काय भरत होतो? आणि त्याहून पुढची गोष्ट ऐका. ९ मार्च २०१५चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय आहे: जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलेलं नाही, तिथे अॅफिडेव्हिट मागू नका, साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र घ्या. साधा कागद. शिक्का नाही, नोटरी नाही, छत्रीखालचा लॅपटॉप नाही. ‘मी श्रीकांत, मीच श्रीकान्त’, खाली सही, संपलं.

मी हा जीआर मोबाईलवर उघडून खिडकीतून आत धरला. मॅडम म्हणाल्या, “आमच्याकडे आलेला नाही.”

मंत्रालयातून ठाण्याला आलेला नाही! १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली आणि त्याच दिवशी ठाण्याला पोचली, वाफेवर. शासन निर्णय २०१५ मध्ये निघाला तो अजून मुलुंडला उभा आहे. आणि समजा खरंच आला नाही, तर तो आणायचं काम कुणाचं? माझं? मी ऑफिसला दांडी मारून, हाफ डे टाकून, पावसात भिजून तुमचाच आदेश तुम्हाला आणून दाखवायचा, आणि तुम्ही म्हणायचं ‘सही-शिक्क्याची प्रत आणा’? हो, म्हणाल्या त्या तसं. शब्दशः.

असो. सल्ल्याकडे वळतो.

माझ्या मागे रांगेत एक तरुण उभा होता. बापडा चांगला होता, मला छत्री धरली. तो म्हणाला, “जाऊ द्या ना काका, पाचशेच तर आहेत. पिझ्झ्याला जातात.” रांगेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मी रस्ता ओलांडला आणि बाँड घेतला. होय, मीच. हा लेख लिहिणारा शूरवीर.

मुदतीबद्दल एक छोटीशी युक्ती सांगून ठेवतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५, या कायद्यान्वये डोमिसाईलला पंधरा दिवसांची मुदत आहे. हे तुमचं त्यांच्याकडे मागणं नाही, तुमचा हक्क आहे, कायद्याच्या नावातच लिहिलंय. तर माझ्या अर्जात त्रुटी निघाली. कधी? चौदाव्या दिवशी संध्याकाळी. त्रुटी काय, तर अॅफिडेव्हिटची दुसरी बाजू स्कॅन केलेली नाही. दुसरी बाजू कोरी आहे. मी कोरी बाजू स्कॅन केली. ती ७५ केबीपेक्षा लहान निघाली.

हसलात ना? मलाही आधी हसूच आलं. मग तो कोरा कागद ७५ केबीचा करण्यासाठी मी रात्री अकराला मोबाईलवरून त्याचे मोठे फोटो काढत बसलो होतो, शेजारी मुलगी कॅप राऊंडची, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या फेरीची, तारीख मोजत होती, आणि तिने हळूच विचारलं, “बाबा, आपलं काही चुकलंय का?”

नाही. आपलं काही चुकलेलं नाही. सतरा वर्षांची मुलगी, जन्म ठाण्यातला, लस ठाण्यात टोचली, बालवाडीपासून बारावीपर्यंत शाळा-कॉलेज ठाण्यात, आणि ती इथे राहते हे सिद्ध करायला तिचा बाप महिनाभर रांगेत उभा आहे. हे सगळे कागद सरकारनेच दिलेले आहेत. जन्मदाखला महापालिकेचा, रेशनकार्ड शिधावाटप कार्यालयाचं, आधार सरकारचं. तुमचेच कागद एकमेकांशी जुळत नसतील तर ते तुम्ही जुळवा ना! २०२४मध्ये तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी केलंत, कोतवालाचा महसूल सेवक केलात. त्यांना कुणी म्हटलं का, तलाठी आणि ग्राम महसूल अधिकारी एकच व्यक्ती असल्याचं अॅफिडेव्हिट आणा म्हणून? माझ्या अर्ध्या ‘न’चाच तेवढा काय गुन्हा?

त्या लोकसेवा हक्क कायद्यात आणखी एक पाचशे आहे. कारण नसताना सेवा द्यायला उशीर केला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला शास्ती, किमान ५०० रुपये, कमाल ५,०००. बघा, हिशेब कसा छान आहे. आपण पाचशे भरतो ते काम सुरू व्हायच्या आधी, रोख, रस्त्यापलीकडे. त्यांचे पाचशे भरायचे ते अपील झालं तर, ते मंजूर झालं तर. सेवा, मुदत, फी, अधिकाऱ्याचं आणि अपिलीय अधिकाऱ्याचं पद, हे सगळं कार्यालयात ठळक लावणं बंधनकारक आहे. आमच्या कार्यालयात तो फलक लावलेला आहे. त्याच्यापुढे गोदरेजचं कपाट आहे. कपाटाच्या वर उरलेल्या वीतभर जागेत ‘महाराष्ट्र लोकसे’ एवढं वाचता येतं.

मी अपील केलं. तीस दिवसांच्या आत करायचं असतं, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. तिथे नाही जमलं तर द्वितीय, त्याच्यावर राज्य सेवा हक्क आयोग. ऑनलाइन होतं, वकील लागत नाही. अर्ज क्रमांक, तारीख, ‘मुदत उलटली’, एवढंच लिहिलं. मोजून सहा ओळी. पाचव्या दिवशी दाखला आला. योगायोग असेल.

आणि तुम्ही, रांगेत माना हलवणारे! त्या दिवशी चाळीस जण तरी होतो आपण. चाळीस गुणिले पाचशे, वीस हजार रुपये, एका सकाळीत, जे द्यायचेच नव्हते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या पट्ट्यावरून दोन तास भांडता, टीएमटीत कंडक्टरशी सुट्ट्या दोन रुपयांसाठी हुज्जत घालता, आणि खिडकीसमोर उभे राहिलात की ‘मॅडम, जरा बघा ना’ म्हणून लाचार हसता. कोण मॅडम? तुमच्या करातून पगार घेणारी तुमच्या-माझ्यासारखी नोकरदार बाई, तिलाही घरी जाऊन कुकर लावायचाय. तिला ओरडू नका, ती चार टेबलांचं काम एका टेबलावर करते, हेही मी डोळ्यांनी बघितलंय. पण तिला विचारा: पोच कुठे आहे? मुदत कधी संपते? अॅफिडेव्हिट कुठल्या नियमाने मागता, ते लिहून द्या. लिहून द्या म्हटलं की निम्म्या मागण्या तिथेच गळून पडतात. आणि साहेब, तुम्ही. ‘चालेल’ म्हणायला तुम्हाला चार सेकंद लागतात हे मी बघितलंय. ते चार सेकंद सकाळी दहाला खिडकीवर येऊन द्या. कपाट बाजूला करा.

हां, दाखल्याचं सांगायचं राहिलं. छान आलाय, डिजिटल सही आहे, बारकोड आहे. मुलीचं नाव आम्ही ठेवलंय ऋतुजा. केंद्रावरच्या पोराने फोनवर बोलता बोलता टाईप केलंय ‘रुतुजा’. मी खिडकीवर गेलो, दाखवलं. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि रस्त्यापलीकडे बोट केलं.

सोमवारी जातोय. साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र लिहून ठेवलंय, जीआरची छापील प्रतही काढलीय, पाच सेट. टोकन सकाळी सातपासून देतात म्हणे.