संग्रह फक्त टाटांचा नाही

‘छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणजे मुळात टाटा बंधूंची देणगी’ हे मुंबईतल्या या संग्रहालयावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. सर रतन आणि सर दोराब टाटांच्या संग्रहांमुळे तिथल्या कलादालनांना श्रीमंती आली, हे मान्यच. पण तिथल्या मीरपूर खासच्या मृण्मूर्तींचं काय? सिंधमधल्या मीरपूर खासच्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये केलं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, म्हणून त्या मूर्ती मुंबईत आहेत. त्या कुणा धनिकाच्या दिवाणखान्यातून आलेल्या नाहीत!

मी नववीच्या मुलांना तिथे नेतो, तेव्हा युरोपीय चित्रांपुढून वर्ग भराभर सरकतो आणि या मूर्तींपाशी थांबतो. भाजलेल्या मातीचे बुद्ध, आणि हातात कमळ धरलेला तो कुरळ्या केसांचा उपासक. ‘सर, सिंध तर पाकिस्तानात ना?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि मग इतिहासाचा तास तिथेच होतो. लेखात शालेय उपक्रमांवर अख्खा परिच्छेद आहे, त्यात २०१५ पासूनच्या, संग्रहालयच शाळांपर्यंत नेणाऱ्या फिरत्या बसचाही उल्लेख हवा होता. पण मुलं नेमकं काय बघत उभी राहतात, याबद्दल एक ओळही नाही.